होम थिएटरसाठी सराउंड स्पीकर कसे निवडावेत: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवीन घराची वास्तू झाली किंवा दिवाळी जवळ आली, की मागच्या, म्हणजे सराउंड स्पीकरबद्दलचे प्रश्न यायला लागतात. बहुतेक प्रश्नांची सुरुवात कंपनीच्या नावाने होते. उत्तर मात्र जवळपास दर वेळी खोलीपासून सुरू करावं लागतं: सोफा कुठे आहे, पाठीमागे किती जागा आहे, कूलर कोणत्या खिडकीत आहे. सराउंडची जागा चुकली तर महागडा स्पीकरही वाया जातो, आणि जागा साधली तर साधासुधा स्पीकर हॉल भरून टाकतो. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ५.१, ७.१, ५.१.२ या आकड्यांचा अर्थ काय?

पहिला आकडा तुमच्या भोवती, साधारण कानाच्या पातळीवर असणाऱ्या स्पीकरचा. ५ म्हणजे समोर डावा, उजवा आणि मधला सेंटर, शिवाय मागच्या बाजूला दोन सराउंड. ७ म्हणजे त्यात पाठीमागे आणखी दोन. दुसरा आकडा सबवूफरचा, म्हणजे फक्त खालचे स्वर वाजवणाऱ्या स्पीकरचा; सिनेमातला जो खास धमक्याचा चॅनल असतो तो १२० हर्ट्झपर्यंतच जातो आणि सबवूफरकडून वाजतो. तिसरा आकडा असलाच तर तो डोक्यावरच्या स्पीकरचा, म्हणजे ॲटमॉससारख्या पद्धतीसाठीचा (प्रश्न १३).

२. मागच्या स्पीकरमधून वाजतं तरी काय? अर्धा सिनेमा ते गप्पच असतात.

गप्प असणं हा बिघाड नाही. संवाद जवळपास सगळे सेंटरमधून येतात. मागे येतो तो पाऊस, बाजाराचा गलका, रातकिडे, मंदिराच्या गाभाऱ्यातला घुमारा, आणि कधीतरी कानामागून सुसाट जाणारी गाडी. दोन माणसं खोलीत शांत बसून बोलत असतील, तर मागे फारसं काही नसणारच.

"मागे काय, कोणतेही छोटे डबे लावा" हा सल्ला अजूनही ऐकू येतो, त्याचं मूळ जुन्या काळात आहे. डॉल्बी कंपनीच्या प्रो लॉजिक या जुन्या पद्धतीत मागचा चॅनल एकच असायचा, दोन्ही स्पीकरमधून तेच वाजायचं, आणि ७ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज त्यात नसायचाच. त्या वेळी तो सल्ला बरोबर होता. १९९२ साली चित्रपटगृहांत डॉल्बी डिजिटल आलं, पुढे ते घरी आलं, आणि मागचे डावा-उजवा हे दोन वेगळे, पूर्ण पट्ट्याचे चॅनल झाले. आजच्या सिनेमात हेलिकॉप्टर मागून पुढे येतं तेव्हा मागच्या स्पीकरलाही पुढच्याइतकंच काम असतं. डिजिटल साउंडसाठी जुन्या काळाचा सल्ला वापरू नका.

३. मागचे स्पीकर नेमके कुठे लावायचे?

तुमच्या नेहमीच्या जागी टीव्हीकडे तोंड करून बसा आणि दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे पसरा. ही झाली ९० अंशांची रेषा. ५.१ साठी डॉल्बीने सांगितलेली जागा ११० ते १२० अंशांवर आहे, म्हणजे हातांच्या रेषेपासून थोडी मागे. अंश मोजायला घरात साधन नसतं, म्हणून फुटांत सांगतो. खोली १० फूट रुंद आहे आणि तुम्ही मधोमध बसता, तर बाजूच्या दोन्ही भिंतींवर कानाच्या रेषेपासून पावणेदोन ते पावणेतीन फूट मागे खूण करा. खोली १२ फूट रुंद असेल तर सव्वादोन ते साडेतीन फूट.

७.१ असेल तर बाजूची जोडी ९० ते ११० अंशांवर पुढे सरकते आणि पाठीमागची जोडी १३५ ते १५० अंशांवर जाते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे मागच्या दोन कोपऱ्यांत, छताला चिकटवलेले स्पीकर. वायरची केसिंग पट्टी तिथून न्यायला सोपी जाते, म्हणून इलेक्ट्रिशियन ती जागा सुचवतो. कोपऱ्यातून आवाज भोंगळ होतो आणि उंचावरून येत असल्याने तुमच्या भोवती न राहता डोक्यावरून निघून जातो. भिंतीला ड्रिल लागण्याआधी स्पीकर स्टुलावर, पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवून दोन-तीन दिवस ऐका. मगच भोक पाडा.

४. उंची किती ठेवायची?

सोफ्यावर बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साधारण तीन-साडेतीन फुटांवर येतो. साध्या ५.१ मध्ये सराउंड त्याच्या एक ते दोन फूट वर असावेत, म्हणजे शेजारी बसलेल्याच्या डोक्याने आवाज अडत नाही. पुढेमागे ॲटमॉस करायचा विचार असेल तर मात्र ते कानाच्या पातळीजवळच ठेवा. बाजूचे स्पीकर वर गेले तर छतातून येणारा आवाज त्यांच्यापासून वेगळा ऐकू येत नाही.

५. आमचा सोफा मागच्या भिंतीले टेकून आहे. आता मागे स्पीकर लावू तरी कसे?

नागपुरात हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. टू बीएचकेच्या हॉलमध्ये एका भिंतीला टीव्ही युनिट आणि समोरच्या भिंतीला सोफा, अशीच मांडणी असते.

पहिला उपाय पैशाचा नाही: सोफा पुढे ओढा. दीड फूट मिळाला तरी फरक पडतो. भिंतीला डोकं टेकून बसलं की खालचे स्वर फुगतात, आणि मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज थेट कानात शिरून सगळं चिखल करतो. घरच्यांना ही मांडणी आवडत नसेल तर फक्त सिनेमाच्या वेळी सोफा पुढे घ्या. खाली फेल्टचे तुकडे चिकटवले की तो टाइल्सवर सहज सरकतो.

ओढायला जागाच नसेल तर मागच्या भिंतीचा नाद सोडा. सराउंड बाजूच्या भिंतींवर, कानाच्या अगदी रेषेत किंवा त्याच्या किंचित पुढेमागे, दीड-दोन फूट वर लावा. ९० अंश ही तडजोड आहे, पण डोक्यामागे टेकवलेल्या स्पीकरपेक्षा ती कितीतरी बरी. त्यांचं तोंड जवळच्या माणसाकडे वळवू नका. डाव्या स्पीकरचं तोंड सोफ्याच्या उजव्या टोकाकडे आणि उजव्याचं डाव्या टोकाकडे ठेवा. त्यामुळे टोकाला बसलेल्याच्या कानावर जवळचा स्पीकर आदळत नाही, आणि दूरच्याला थेट आवाज मिळतो. अशा हॉलसाठी बायपोल प्रकारही विचारात घ्यावा, तो पुढच्या उत्तरात आहे.

या मांडणीत ७.१ करू नका. पाठीमागच्या जोडीला जागाच नसते. त्या पैशात चांगला सबवूफर येतो.

६. मोनोपोल, बायपोल, डायपोल यांतलं काय घ्यावं?

मोनोपोल म्हणजे नेहमीचा स्पीकर, एकाच दिशेला तोंड असलेला. बायपोलमध्ये दोन दिशांना तोंडं असतात आणि दोन्ही बाजू एकाच वेळी बाहेर ढकलतात. डायपोलमध्ये एक बाजू ढकलते तेव्हा दुसरी ओढते, त्यामुळे स्पीकरच्या अगदी समोर, जिथे श्रोता बसतो, तिथे थेट आवाज सगळ्यात कमी पडतो आणि खोलीतून परतलेलाच जास्त ऐकू येतो. प्रश्न २ मधल्या जुन्या एकेरी सराउंडच्या काळात डायपोलने मोठं काम केलं, कारण आवाज कुठून येतो ते कळू नये हीच तेव्हाची गरज होती.

आज आवाज नेमका कुठून येतो हे कळायला हवं असतं. म्हणून स्पीकर आणि कान यांत चार-पाच फुटांचं अंतर मिळत असेल तर मोनोपोल घ्या. अंतर त्याहून कमी असेल, सोफ्यावर चार-पाच जण बसत असतील आणि टोकाचा माणूस स्पीकरला जवळपास खेटून असेल, तर बायपोल. नवीन खरेदीत डायपोल घ्या असं मी कुणाला सांगत नाही, आणि ॲटमॉससाठी तर नाहीच.

७. पुढचे एका कंपनीचे आणि मागचे दुसऱ्या, चालतील का?

चालतात, पण आवाजाची जात जुळायला हवी. एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले पुढचे आणि मागचे स्पीकर घेतले की ट्वीटर (वरचे, बारीक स्वर काढणारा भाग) सहसा सारखाच असतो आणि प्रश्न मिटतो. पुढे हॉर्नवाला झणझणीत स्पीकर आणि मागे मऊ कापडी डोमचा, अशी जोडी लावली तर गाडी समोरून मागे जाताना वाटेतच तिचं इंजिन बदलल्यासारखं वाटतं.

तपासायची पद्धत सोपी आहे. रिसीव्हरच्या, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या यंत्राच्या मेनूमध्ये टेस्ट टोन असतो, तो एकेका स्पीकरमधून "श्श्श" असा आवाज फिरवतो. डोळे मिटून ऐका. समोरचा "श्श्श" आणि मागचा "स्स्स" ऐकू आला, तर जोडी जुळत नाही. थोडा फरक रिसीव्हरचा ऑटो सेटअप (माइक लावून आपोआप होणारी जुळवणी, प्रश्न १७) सांभाळून घेतो, मोठा नाही. सीताबर्डीत दुकानात गेलात तरी आधी टेस्ट टोन लावायला सांगा, स्फोटाचा डेमो नंतर. स्फोट कोणत्याही स्पीकरवर छानच वाटतो.

समोरच्या तिघांच्या बाबतीत तडजोड अजिबात करू नका. मागच्या दोघांच्या बाबतीत थोडी खपते.

८. मागे किती मोठा स्पीकर हवा? ४ इंच की साडेसहा?

सबवूफर असेल तर ४ ते सव्वापाच इंचांचा वूफर (स्पीकरमधला खालचे स्वर काढणारा मोठा भाग) आपल्या हॉलला पुरतो. रिसीव्हरमध्ये स्पीकर "स्मॉल" ठेवून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झला लावायचा, म्हणजे त्याखालचं सगळं सबवूफरकडे जातं. थोडा लहान स्पीकर असेल तर १०० हर्ट्झ. खरी अडचण मुठीएवढ्या सॅटेलाइट स्पीकरची असते. त्यांना क्रॉसओव्हर १५० च्या आसपास न्यावा लागतो, आणि तेवढ्या वरच्या स्वरांची दिशा कानाला कळते. मग मागून यायला हवा तो घोगरा आवाज टीव्हीखालच्या सबवूफरमधून येताना ओळखू येतो.

साडेसहा इंच घ्यायला हरकत नाही, पण जागा आणि भिंत दोन्ही बघा (प्रश्न १२).

९. डब्यावर १०,००० वॅट लिहिलं आहे. मग हाच चांगला ना?

तो आकडा पीएमपीओचा असतो. त्याला मोजण्याची ठरलेली पद्धतच नाही, कंपनी हवं ते छापू शकते. आरएमएस आकडा, म्हणजे सतत पेलणारे वॅट विचारा, आणि त्याहून महत्त्वाचे दोन आकडे बघा: सेन्सिटिव्हिटी आणि ओहम (स्पीकर विजेला किती अडथळा करतो ते).

सेन्सिटिव्हिटी म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर एक मीटरवर किती आवाज निघतो. ८५ डेसिबलच्या स्पीकरला ८८ डेसिबलच्या स्पीकरएवढा आवाज काढायला दुप्पट वीज लागते. शिवाय मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की आवाज ६ डेसिबलने वाढतो. सराउंड तुमच्यापासून चार-पाच फुटांवर असतात, पुढचे नऊ-दहा फुटांवर, म्हणून मागच्यांना तेवढ्याच आवाजासाठी बरीच कमी वीज पुरते. वॅटवरून मागच्या स्पीकरची काळजी करू नका.

ओहमची मात्र करा. रिसीव्हरच्या मागे किमान किती ओहम चालतील ते छापलेलं असतं. ४ ओहमचा स्पीकर जास्त करंट ओढतो आणि रिसीव्हर तापतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना, बंद टीव्ही युनिटच्या कप्प्यात बसलेल्या रिसीव्हरवर हा ताण नको. ८ किंवा ६ ओहमचे घ्या आणि रिसीव्हरच्या वर मोकळी जागा सोडा.

"होम थिएटर इन अ बॉक्स" संचातले स्पीकर नवीन रिसीव्हरला लावायचा मोह होतो. त्यांत पुष्कळदा ३ ओहमचे स्पीकर असतात. मागचा छापील आकडा वाचल्याशिवाय जोडू नका.

१०. कूलर सुरू केला की मागचे स्पीकर ऐकूच येत नाहीत. काय करावं?

ही खास आपली अडचण आहे, आणि हिच्यासाठी नवीन स्पीकर घ्यायची गरज नसते. खिडकीतल्या डेझर्ट कूलरचा आवाज सतत चालणारी घरघर असते. ती नेमकी त्याच बारीक गोष्टी गिळते ज्या सराउंडमध्ये असतात: पाऊस, पानांची सळसळ, दूरची कुजबुज. संवाद वाचतात, भोवतालचं जग जातं.

रिसीव्हरमध्ये मागच्या दोन चॅनलची पातळी २ ते ३ डेसिबलने वाढवून बघा. बऱ्याच रिसीव्हरवर मॅन्युअल बदल वेगळा साठवता येतो. एक उन्हाळ्याचा, एक एरवीचा असा ठेवा. ऑडिसी नावाचा ऑटो सेटअप असलेल्या रिसीव्हरमध्ये डायनॅमिक ईक्यू सुरू केलं तर कमी व्हॉल्यूमला मागचे चॅनल आपोआप थोडे वर येतात. रात्री लहान आवाजात बघत असाल तर नाइट मोड हळू आवाज वर आणि मोठा आवाज खाली आणतो, कूलरच्या घरघरीत तो उपयोगी पडतो.

त्याहून गंभीर गोष्ट ओलाव्याची आहे. कूलरच्या झोतात स्पीकर कधीच ठेवू नका. महिनाभरात जाळीवर पांढरी पूड बसलेली दिसते, ते पाण्यातले क्षार. मग एमडीएफच्या, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या पेटीच्या कडा फुगतात, मागचे टर्मिनल हिरवे पडतात. स्पीकरच्या कोनाभोवतीची (कोन म्हणजे पुढचा हलणारा शंकू) लवचीक कडा फोमची असेल तर उष्णता आणि दमट हवा यांत तिचं वय झपाट्याने संपतं. जुन्या फोमला बोट लावलं की काळपट चुरा बोटावर येतो. म्हणून कूलर वापरणाऱ्या घरासाठी रबरी कडा आणि पॉलिप्रॉपिलीन कोन असलेला स्पीकर घ्या. कागदी कोन वाईट नसतो, आवाजाला तो सुरेखच असतो, पण तो एसी असलेल्या खोलीत शोभतो.

कूलर ज्या खिडकीत आहे तिच्या समोरची भिंत टाळा. दुसरा इलाज नसेल तर कूलरच्या झडपा वर वळवा, म्हणजे झोत छताकडे जातो.

११. वायर कोणती घ्यावी? दुकानदार महागडी केबल गळ्यात मारतो.

तांब्याची, पुरेशी जाड, बस्स. मागचा स्पीकर रिसीव्हरपासून वायरच्या वाटेने १० मीटरपर्यंत असेल तर दीड एमएमची वायर ८ ओहमच्या स्पीकरला पुरते: जाऊन-येऊन २० मीटरचा अडथळा पाव ओहमच्या आत राहतो, आणि स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांपर्यंत तो चालतो. त्याहून लांब असेल किंवा स्पीकर ४ ओहमचा असेल तर अडीच एमएम. घराच्या वायरिंगची चांगल्या प्रतीची मल्टीस्ट्रँड वायरही विजेच्या हिशेबाने हे काम नीट करते. एक लाल, एक काळी घ्या, म्हणजे अधिक-उणे चुकत नाही.

फसवणूक होते ती तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या वायरीत. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडा. आतून चंदेरी निघाली तर ठेवून द्या. तिचा अडथळा तांब्याच्या साधारण दीडपट असतो आणि टर्मिनलमध्ये ती तुटतेही लवकर.

घराचं काम सुरू असेल तर प्लास्टरच्या आधीच मागच्या स्पीकरसाठी वेगळा पाइप टाकून घ्या, त्यात ओढतार सोडून ठेवा. लाइटच्या पाइपमधून स्पीकरची वायर नेऊ नका.

१२. भिंतीवर लावताना काय बघायचं? आमच्या नवीन स्कीममध्ये खिळाही धरत नाही.

आधी भिंत कशाची आहे ते विचारा. फ्लाय ॲशच्या विटांची भिंत साधा प्लग आणि स्क्रू बऱ्यापैकी धरते. हलक्या सिपोरेक्स ब्लॉकमध्ये तोच प्लग फिरत राहतो, तिथे त्या ब्लॉकसाठी मिळणारे खास लांब प्लग लागतात. महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांच्या माती-चुन्याच्या भिंतीत पाच-सहा किलोचा स्पीकर लटकवू नका, तिथे स्टँड बरा.

स्पीकरच्या पेटीला मागे हवेसाठी भोक असेल तर भिंतीपासून निदान चार-सहा इंच सोडावे लागतात. भिंतीला लावायचाच असेल तर पुढे भोक असलेला किंवा पूर्ण बंद पेटीचा निवडा.

१३. फॉल्स सीलिंग करतो आहोत. सराउंडही छतातच टाकून द्यावेत का?

नाही. छतातले स्पीकर छतातल्या चॅनलसाठी. सराउंड वर गेले की सगळा सिनेमा डोक्यावर घडतो, भोवती काहीच उरत नाही. पण पीओपीचं काम सुरू असताना ॲटमॉससाठी दोन स्पीकरची सोय करून ठेवणं शहाणपणाचं आहे. नंतर तेच काम दुप्पट त्रासाचं होतं. दोनच स्पीकर असतील तर ते बसायच्या जागेच्या किंचित पुढे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना घ्या.

५.१ नंतर पुढचं पाऊल ७.१ की ५.१.२, असं विचाराल तर आपल्याकडच्या बहुतेक हॉलसाठी मी ५.१.२ म्हणेन. पाठीमागे जागा नसते, वर असते.

छतावर आवाज आपटवून परतवणारे, म्हणजे अप-फायरिंग स्पीकर घेत असाल तर छत सपाट आणि कडक हवं, उंची साडेसात ते बारा फुटांत. आणि सीलिंग फॅन कुठे आहे ते बघा. आवाजाच्या वाटेत फिरती पाती आली की तो थरथरतो. छतातला स्पीकरही पात्यांच्या घेराबाहेरच घ्या.

१४. आमच्या हॉलची एक बाजू डायनिंगकडे उघडी आहे. त्या बाजूला भिंतच नाही.

उघड्या बाजूला स्टँडवर स्पीकर ठेवा, बंद बाजूलाही शक्यतो तेवढ्याच अंतरावर आणि उंचीवर. भिंतीचा आधार नसलेला स्पीकर थोडा हलका आणि पातळ वाजतो, पातळी रिसीव्हरमधून वाढवता येते. बंद बाजूच्या स्पीकरमागे जाड पडदा सोडला तर दोन्हींतला फरक आणखी कमी होतो. लहान मुलं धावत असतील तर स्टँडच्या तळाला वजन हवंच.

१५. वायर नको. वायरलेस किंवा घरातले ब्लूटूथ स्पीकर मागे लावता येतील?

ब्लूटूथ स्पीकर नाही. त्यात आवाज उशिरा पोचतो आणि हा उशीर मागच्या दोन स्पीकरचं गणित पूर्ण बिघडवतो. साउंडबारसोबत येणारे किंवा त्याच कंपनीचे खास वायरलेस मागचे स्पीकर चालतात, ते त्या साउंडबारशी वेळ जुळवूनच बनवलेले असतात. मात्र प्रत्येकाला विजेचा प्लग लागतो. खरेदीआधी सोफ्यामागे सॉकेट आहे का ते बघा. भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नसेल तर हा पर्याय योग्य आहे.

१६. सगळं लावलं, पण मागून आवाजच येऊन नाही राहिला. काऊन?

कारण बहुतेक वेळा टीव्हीच्या मेनूमध्ये असतं. साउंड आउटपुट "पीसीएम" वर असेल तर टीव्ही दोनच चॅनल पुढे पाठवू शकतो. ते "ऑटो", "बिटस्ट्रीम" किंवा "पास थ्रू" करा. रिसीव्हर टीव्हीच्या एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेल्या एचडीएमआयलाच जोडलेला हवा. ऑप्टिकल केबलमधून ५.१ डॉल्बी डिजिटल जातं, ॲटमॉस जात नाही.

मग बघा की तुम्ही जे पाहताय त्यात ५.१ आहे का. ओटीटीवर ॲप, तुमची योजना आणि उपकरण या तिन्हींनी साथ द्यावी लागते. मालिका, जुनी गाणी आणि बरीचशी टीव्ही प्रक्षेपणं दोन चॅनलचीच असतात. त्यांच्यासाठी रिसीव्हरवर डॉल्बी सराउंड किंवा न्यूरल एक्स मोड लावा. दोन चॅनलमधला भोवतालचा भाग तो मागे सोडतो. जामठ्याचा सामना असा लावून बघा, गॅलरीतला गलका मागून येतो. संगीत मात्र स्टिरिओतच ऐका.

आवाज येतो पण विचित्र, पोकळ वाटतो, असं असेल तर एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी उलट लागल्या आहेत का ते बघा.

१७. ऑटो सेटअपवर विश्वास ठेवावा का?

अंतर आणि पातळीसाठी हो. पण तो चालवताना खोली शांत हवी: कूलर, पंखा, मिक्सर सगळं बंद. मे महिन्यात हे काम पहाटे करा. माइक कानाच्या उंचीवर ट्रायपॉडवर ठेवा, सोफ्याच्या पाठीवर टेकवू नका. नंतर मेनू उघडून बघा. रिसीव्हरने सराउंडला "लार्ज" ठरवलं असेल किंवा क्रॉसओव्हर ४० वर नेला असेल तर हाताने ८० करा. सबवूफरचं अंतर टेपपेक्षा जास्त दाखवलं तर ते तसंच राहू द्या, सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे होणारा उशीर त्यात धरलेला असतो.

१८. एकूण बजेटपैकी मागच्या स्पीकरवर किती खर्च करावा?

आधी समोरचे तीन, मग सबवूफर, शेवटी सराउंड. समोरच्या जोडीच्या निम्म्याच्या आसपास मागच्या जोडीवर खर्च झाला तर मला ते योग्य वाटतं. पैसे कमी पडत असतील तर मागचे वर्षभराने घ्या, पण वायर आजच टाका.

१९. जुने किंवा सेकंडहँड स्पीकर सराउंडसाठी घ्यावेत का?

जरूर घ्या, फक्त नीट तपासून. जाळी काढून कोनाची कडा बघा (फोमबद्दल प्रश्न १०). कोन चारही बोटांनी सारखा दाबून हळूच आत ढकला. खरखर जाणवली तर व्हॉइस कॉइल, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, घासते आहे. मल्टिमीटर असेल तर टर्मिनलवर ओहम मोजा: ८ ओहमचा स्पीकर सहसा ६ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते साडेतीन. काहीच दाखवत नसेल तर आतलं काहीतरी तुटलं आहे. जोडीतले दोन्ही स्पीकर एकाच मॉडेलचे असावेत.

२०. उन्हाळ्यात आवाजाचा वेग वाढतो म्हणतात. मग रिसीव्हरमधली अंतरं बदलायची का?

वेग खरंच वाढतो: २० अंशांना सेकंदाला साधारण ३४३ मीटर, ४५ अंशांना ३५८ च्या आसपास. पण रिसीव्हरला महत्त्व असतं ते जवळच्या आणि दूरच्या स्पीकरमधल्या फरकाला. तो फरक दीड मीटरचा असेल तर वेळेतला बदल मिलिसेकंदाच्या पाचव्या भागाएवढाच होतो, कानाला तो कळत नाही. शिवाय खोलीत एसी किंवा कूलर असतोच. अंतरं एकदा नीट भरली की राहू द्या. सोफा हलवलात तर मात्र पुन्हा मोजा.